तीन नंबरचा कागद

रविवार, २ फेब्रुवारी. वेळ सकाळी साडेसातची ठरलेली, म्हणजे प्रत्यक्षात सव्वाआठ. ठिकाण: तुळजापूर रस्त्यावरची बंद पडलेली दगडखाण, जिला आम्ही मोठ्या तोंडानं ‘रेंज’ म्हणतो.

हजर: डॉ. हिरेमठ, उमरगा. श्री. शेटे, तुळजापूर, लॉजचे मालक. अंकुशराव घुले, तेरखेडा, फटाक्यांचा कारखाना. आणि मी, धाराशिव, औषधांचं दुकान, रायफल क्लबचा सचिव. सचिव अशासाठी की याद्या करायला दुसरं कुणी तयार नव्हतं. शिवाय खाणीतली दोन कुत्री, ज्यांची हजेरी आम्हा चौघांपेक्षा चांगली आहे.

गैरहजर: डोंगरेबाई. कारण: वारल्या.

हे कारण बाईंनी मान्य केलं असतं असं मला वाटत नाही. लग्न, बारसं, पाहुणे, पाऊस, पंक्चर, मुलीची परीक्षा, सासऱ्यांचं श्राद्ध यांपैकी एकही कारण त्यांनी आजवर मान्य केलेलं नव्हतं. श्राद्धाला गेलेल्या शेट्यांना त्यांनी पुढच्या रविवारी विचारलं होतं, “सासरे सकाळी सात वाजताच जेवायला आले होते का?”

बाई तुळजापुरात मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायच्या आणि एनसीसी बघायच्या. निवृत्त झाल्यावर भूगोल सुटला, बंदूक राहिली. आमच्या क्लबात एकाच जातीची बंदूक आहे, पॉइंट टू टू. एनसीसीच्या मुलामुलींना देतात तीच. काडतूस करंगळीच्या दोन पेरांएवढं. त्याच्या बुडाच्या कडेवर आतला खिळा बसतो आणि गोळी सुटते. खांद्याला धक्का जवळजवळ नाही, आवाजही बेताचा. तिच्यानं शिकार होत नाही, रुबाब होत नाही, फोटोतही ती फारशी उठून दिसत नाही. पन्नास मीटरवरच्या कागदाला पेन्सिलीएवढं भोक पडतं, एवढंच. बाई म्हणायच्या की मोठ्या बंदुकीत माणसाचे दोष धुरात लपतात. ही बया सगळं कागदावर लिहून देते.

बाईंचा पोशाख ठरलेला. सलवार-कमीज, त्यावर गेलेल्या नवऱ्याचा खाकी स्वेटर, त्या स्वेटरच्या कोपरांवर चांभाराकडून शिवून घेतलेली चामड्याची ठिगळं. पालथं झोपून नेम धरायला इतरांकडे रबरी चटया, बाईंकडे गोधडी. ती काखेत मारून त्या तुळजापूरहून एसटीनं यायच्या. गोधडीमुळं कंडक्टरला वाटायचं की ही म्हातारी दवाखान्यात कुणाजवळ राहायला निघाली आहे. तो उठून बसायला जागा करून द्यायचा. बाईंनी त्याचा गैरसमज कधी दूर केला नाही. खोटं बोलायचं नाही हा त्यांचा नियम रेंजपुरता होता, एसटीला लागू नव्हता.

क्लब सुरू झाला तेव्हा पहिले आले ते डॉ. हिरेमठ. बरोबर सामान असं: परदेशी जाकीट, एका हाताचा हातमोजा, टोपी, टोपीला डोळ्याजवळ लटकणारी झापड, तीन प्रकारचे चष्मे, आणि दुर्बीण ठेवायला तिकाटणं. बाईंनी सगळं शांतपणे बघून घेतलं आणि मला विचारलं, “नवरदेव आले. वऱ्हाड कुठाय?”

मग त्यांनी डॉक्टरांना गोधडीवर पालथं झोपवलं, रिकामी बंदूक हातात दिली आणि डोळे मिटायला लावले. दोन श्वास घ्या, सोडा, आता उघडा. डॉक्टरांनी उघडले तर समोर शेजारच्या लेनचा कागद. डॉक्टरांनी मनगट वाकवून बंदूक आपल्या कागदावर आणली. बाई म्हणाल्या, “बंदूक वळवू नका. तुम्ही वळा. पोट उचला, पोट सरकवा, मग परत डोळे मिटा.” असं पोट सरकवत सरकवत बारा वाजले. पहिल्या दिवशी डॉक्टरांना एकही काडतूस मिळालं नाही. दुसऱ्या रविवारीही नाही. तिसऱ्या रविवारी त्यांनी जरा जोर करून विचारलं की काय ओ बाई, गोळी कधी देणार. बाई म्हणाल्या, “तुम्ही पेशंटला पहिल्याच दिवशी ऑपरेशनला घेता का? घेत असाल तर सांगा, उमरग्यात माझे नातेवाईक आहेत.”

बंदूक घरी न्यायची सोय नव्हती. ती क्लबच्या कपाटात कुलपात. म्हणून बाई घरचा अभ्यास द्यायच्या. पडद्याचा दांडा बंदुकीसारखा धरायचा, दुसऱ्या टोकावर रुपयाचं नाणं ठेवायचं, आणि बोट ट्रिगरवर असल्यासारखं इतकं हळू दाबायचं की नाणं हलू नये. डॉक्टर हा अभ्यास दुपारी दवाखान्यात, तपासणीच्या टेबलावर पालथं झोपून करायचे. एकदा एक म्हातारा थेट आत आला आणि डॉक्टर टेबलावर, हातात दांडा, एक डोळा मिटलेला, असं बघून बाहेर बसलेल्यांना सांगून आला की आज दुसरीकडं जा, डॉक्टरच पडून आहेत. डॉक्टरांनी हे मोठ्या कौतुकानं सांगितलं. बाईंनी फक्त विचारलं, “नाणं पडलं का?” पडलं होतं.

शेट्यांचा आजार वेगळा. ते एक गोळी मारायचे, दुर्बिणीतून बघायचे, डावीकडे गेली दिसली की मागच्या साइटचा, म्हणजे नेम धरायच्या चकतीचा, स्क्रू फिरवायचे. पुढची उजवीकडे जायची; परत स्क्रू. तासाभरात कागदाच्या चारी कोपऱ्यांना समान न्याय मिळायचा. बाई बराच वेळ मागं उभ्या राहून बघत होत्या. मग म्हणाल्या, “एक पाहुणा चुकून दुसऱ्या गल्लीत गेला, तर तुम्ही लॉजची पाटी तिकडं नेऊन लावता का, शेटेसाहेब?”

शेटे म्हणाले, धंद्याचा प्रश्न असेल तर लावीनही.

त्या दिवशी बाईंनी त्यांचा स्क्रू चिकटपट्टीनं बंद केला. त्यांचं म्हणणं सोपं होतं. आधी सगळ्या गोळ्या एका जागी पडल्या पाहिजेत. ती जागा मध्यात नसली तरी बिघडत नाही. “एका जागी पाडा. ती जागा कर्नाटकात असली तरी चालेल. तिथनं उचलून मध्यात आणायला दोन मिनिटं लागतात, ते मी करीन. पण तुमची एक गुलबर्ग्यात, एक बार्शीत आणि एक देवळाच्या पायरीवर पडली, तर देवी आली तरी काही करू शकत नाही.”

‘एका जागी’ म्हणजे किती, हे मोजायचं बाईंचं माप होतं काचेची बांगडी. हिरवी, साधी, तुळजापूरच्या बाजारात डझनावारी मिळते तशी. चष्म्याच्या जुन्या डबीत, कापसात ठेवलेली. पाच गोळ्या झाल्या की बाई कागदापर्यंत चालत जायच्या, डबी उघडायच्या आणि बांगडी भोकांवर धरायच्या. पाचही आत आली तर “बसली.” एखादी बाहेर असली तर “पाहुणा बाहेर उभा आहे.” डॉक्टरांनी एकदा मोजायला सोप्या अशा प्लास्टिकच्या पारदर्शक पट्ट्या मागवल्या, त्यावर मिलिमीटरच्या रेघा होत्या. बाईंनी त्या माझ्याकडे दिल्या आणि दुकानात ठेवा म्हणाल्या, कुणाला मलमपट्टी मोजून लागली तर. बांगडीचा इतिहास त्यांनी एकदाच सांगितला, तोही शेट्यांनी बाजारातून नवा डझन आणून देऊ का असं विचारल्यावर. “नवरा गेला तेव्हा बायका बांगड्या फोडायला आल्या. एक मी लपवली. म्हटलं, हातात नको तर नको, कामाला लावते.” एवढं बोलून त्यांनी शेट्यांना त्यांची चौथी गोळी कुठं गेली ते विचारलं. शेट्यांना त्यानंतर बांगडीचा विषय काढायचा धीर झाला नाही.

वाऱ्याची व्यवस्थाही अशीच. आमच्याकडे डोंगरावरून वारा येतो. पलीकडं पवनचक्क्या लावल्यात त्या उगाच नाही. पॉइंट टू टूची गोळी हलकी, वारा तिला कडेला ढकलतो. म्हणून वारा दाखवायला रेंजवर बांबू आणि बांबूंना चिंध्या. या चिंध्या कुठल्या, तर ओटीत आलेल्या ब्लाउजपीसांच्या. ज्या घरात बाई माणूस आहे त्या घरात हे कापड किती साठतं ते सांगायला नको. ते कुणी शिवत नाही. या घरातून त्या घरात, त्या घरातून परत या घरात, असं ते फिरत राहतं, आणि एक दिवस आपण दिलेला तुकडा आपल्याच ओटीत येतो. बाई म्हणायच्या, या कापडाचा उपयोग लावणारी मी जिल्ह्यातली पहिली. जांभळ्या चिंधीनं काटकोन केला की थांबायचं, हा नियम. शेटे वाट न बघता मारायचे आणि मग वाऱ्याला दोष द्यायचे. बाई म्हणायच्या, “वारा काही लपून आला नव्हता. चांगला जरीकाठी नेसून आला होता.”

आता अंकुशराव. तेरखेड्यात घराघरात फटाके; अंकुशरावांचा जन्म सुतळी बॉम्बच्या पेटाऱ्यांत गेलेला. आम्हाला वाटलं, याला आवाजाची काय भीती. पण अंकुशरावांची प्रत्येक गोळी खाली, डाव्या बाजूला, कागदाखालच्या मातीच्या बांधात. बाईंनी त्यांना वेगळं बसवलं, बंदूक स्वतः भरून देऊ लागल्या. एकदा काडतूस, एकदा काडतूस, एकदा आधीच उडवून झालेलं जुनं रिकामं टरफल. अंकुशरावांना कळायचं नाही आत काय आहे. तिसऱ्या वेळी ट्रिगर दाबला, नुसतं ‘टक’ झालं, आणि अंकुशरावांची मान मात्र गर्रकन उजवीकडे फिरली, डोळे मिटले, बंदुकीची नळी खाली गेली. गोळीच नव्हती, तरी.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, “वात पेटवली की काय करता?”

“तोंड फिरवतो की,” अंकुशराव म्हणाले. “आजा त्येच शिकवायचा. वात धरली की तोंड फिरवायचं. न्हाय फिरवलं तर डोळा जातोय.”

बाईंनी मान हलवली. पिढ्यान्‌पिढ्या ज्या सवयीनं घुल्यांच्या घरातले डोळे शाबूत ठेवले, तिनंच अंकुशरावांचा नेम घालवला होता. बाईंनी ही सवय मोडायचा प्रयत्न केला, आणि तो किती यशस्वी झाला हे अंकुशरावांच्या लेनसमोरच्या बांधाला विचारावं. शेवटी त्यांनी अंकुशरावांना दुर्बिणीवर बसवलं. पन्नास मीटरवरचं ते पेन्सिलीएवढं भोक नुसत्या डोळ्यानं दिसत नाही. शेजारी बसून दुर्बिणीतून बघणारा एक माणूस लागतो. अंकुशरावांची नजर घारीची. “तुम्ही मारू नका,” बाई म्हणाल्या, “तुम्ही सांगा.”

आणि इथं बाईंचा सगळ्यात मोठा नियम येतो. गोळी सुटली की मारणाऱ्यानं दुर्बिणीकडे न बघता आधी सांगायचं, कुठं गेली ते. “नऊ, तीन वाजता” म्हणजे नऊच्या वर्तुळात, घड्याळात तीन असतो त्या बाजूला. मग दुर्बिणीवरचा माणूस खरं काय ते सांगणार. आधी बोला, मग बघा. ज्याला गोळी सुटतानाच कळतं की आपण काय चूक केली, तो सुधारतो. जो भोक बघून कारण शोधतो, त्यानं राजकारणात जावं, असं बाईंचं मत. कारणं सांगायला बंदी. उजेड, वारा, काडतूस, कागद, डास यांपैकी कशाचंही नाव घेतलं तर बाई गोधडी गुंडाळून उठायच्या.

म्हणून गेल्या पावसाळ्यानंतर बाई स्वतःच जेव्हा कागदाच्या छपाईला नावं ठेवायला लागल्या, तेव्हा आम्ही एकमेकांकडे बघितलं.

आधी छपाई. छापखान्यानं शाई कमी घातली, काळं वर्तुळ पुसट दिसतं. मग कागदांवरच्या छपराच्या पत्र्याची चमक. मग मागच्या साइटची चकती वाकडी आहे. मी चकती बदलली, कागद दुसरीकडून आणले, पत्र्याला रंग दिला. माझ्या यादीतली सगळी कामं झाली. बाईंच्या गोळ्या मात्र पसरत राहिल्या. बाई म्हणायच्या, “दहा.” अंकुशरावांना दुर्बिणीत दिसायचा सात. पहिल्यांदा असं झालं तेव्हा अंकुशरावांनी आमच्याकडे बघितलं. आम्ही तिघंही अतिशय तातडीनं आपापल्या बंदुका पुसायला लागलो.

“दहा, बाई,” अंकुशराव म्हणाले.

त्यानंतर तेच सुरू झालं. बाई जे म्हणतील ते अंकुशराव म्हणणार. बांगडी घेऊन बाई कागदाकडे निघाल्या की डॉक्टर पुढं धावून कागद बदलून ठेवायचे, बाईंना उन्हात चालायला नको म्हणून. केवढी ती काळजी. नवरात्र झालं, दसरा झाला. तुळजापुरात माणसावर माणूस, शेट्यांच्या लॉजला उसंत नाही, तरी शेटे रविवार चुकवेनात. बाईंना सांभाळायला माणसं कमी पडायला नकोत. आयुष्यात पहिल्यांदाच क्लब एका जागी पडला होता. ती जागा कुठली, ते सोडा.

दिवाळीनंतरच्या रविवारी बाई नेहमीसारख्या आल्या. गोधडी अंथरली, झोपल्या, डोळे मिटले, उघडले. पहिली गोळी मारली. “दहा. अगदी मधोमध.”

अंकुशरावांनी दुर्बिणीला डोळा लावला. नंतर कळलं की कागद कोरा होता. “दहा, बाई.”

दुसरी गोळी. “नऊ. दोन वाजता.”

“नऊ, दोन वाजता.”

बाईंनी काडतूस भरायचा बोल्ट उघडला, बंदूक खाली ठेवली आणि गुडघ्यावर हात टेकून सावकाश उठल्या.

“अंकुशराव, दोन्ही गोळ्या बांधात आहेत. मी मुद्दाम मारल्या.”

वाऱ्यावर चिंध्या फडफडत होत्या. अंकुशरावांची मान नेहमीसारखी उजवीकडे वळली होती. जी युक्ती बाईंनी त्यांच्यावर केली होती, रिकामं टरफल भरून देण्याची, तीच त्यांनी आम्हा सगळ्यांवर केली होती. आणि आम्ही सगळे दचकलो होतो.

“डोळा जातोय हे मला कळत होतं,” बाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. “किती गेलाय, ते तुमच्याकडनं कळायला हवं होतं. तेवढ्यासाठीच तर तुम्हाला तिथं बसवलं होतं.” मग त्या डॉक्टरांकडे वळल्या. “आणि तुम्ही. तुमच्या दवाखान्यात रिपोर्टसुद्धा पेशंटला आवडेल तसाच लिहिता का?”

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर हिरेमठ स्वतःच्या गाडीनं तुळजापूरला गेले आणि बाईंना सोलापूरला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेले. उजव्या डोळ्याचा आतला पडदा मध्यात खराब झाला होता. गेलेलं परत येणार नव्हतं. इंजेक्शनं घेतली तर उरलेलं टिकेल, आणि तुम्ही दोन महिने आधी आला असतात तर जास्त टिकलं असतं, असं तिथले डॉक्टर म्हणाले. हे शेवटचं वाक्य हिरेमठांनी आम्हाला जसंच्या तसं सांगितलं. क्लबात खरं सांगायची सुरुवात तिथून झाली म्हणायला हरकत नाही.

बाईंचा स्वतःचा अहवाल असा: “ते म्हणाले, समोर मधोमध काळा ठिपका दिसत राहील. म्हटलं, डॉक्टर, ते तर मी पस्तीस वर्षं बघतेय. आता नुसती पुढं नळी लावायची राहिली.”

पण विनोद झाल्यावर त्यांनी एक गोष्ट ठरवून टाकली, आणि ती विनोदात सांगितली नाही. डावा डोळा चांगला आहे. डाव्या खांद्यावर बंदूक घेऊन सुरुवातीपासून शिकायचं. संक्रांतीपर्यंत पाच गोळ्या बांगडीत बसल्या तर चालू ठेवायचं. नाही बसल्या तर गोधडी घरी, आणि त्या घरी. सुनेला पापड लाटायला माणूस हवाच आहे. त्या पापडांविषयी ज्या आवाजात बोलल्या, त्यावरून मला पहिल्यांदा कळलं की बाई घाबरल्या आहेत.

डाव्या खांद्यावरून मारणं म्हणजे उजव्या हातानं जेवणाऱ्यानं डाव्या हातानं जेवणं नव्हे. डाव्या हातानं लेकराला भरवणं आहे. बंदुकीचा बोल्ट उजवीकडे, तो दर वेळी वरून हात घालून ओढायचा. बोट वेगळं, श्वास वेगळा, गाल वेगळा. पहिल्या रविवारी बाईंच्या पाच गोळ्या भाकरीएवढ्या जागेत पसरल्या. त्यांनी अंकुशरावांना पुन्हा दुर्बिणीवर बसवलं होतं. एकच अट: दिसेल तेच सांगायचं.

“चार, बाई,” अंकुशराव म्हणाले. म्हणताना तोंड फिरवलेलं, डोळे मिटलेले, वात पेटवल्यासारखे. “खाली. सात वाजता.”

“मी काय म्हटलं होतं?”

“तुमी आठ म्हटलं व्हतं.”

“मग तोंड इकडं करून सांगा. मी फुटत नाही.”

अंकुशरावांना ते कधीच जमलं नाही. तोंड फिरवूनच ते खरं बोलायचे. पण बोलायचे. आम्हाला ऐकू येईल असं, “तीन, बाई,” “कागदावरच न्हाय, बाई,” “पाच, पर तुमी सांगितलं तिथंच हाय.” या शेवटच्या प्रकारावर बाई फार खूश व्हायच्या. डिसेंबरात एकदा त्यांनी “सात, आठ वाजता” म्हटलं आणि अंकुशरावांनी “सात, आठ वाजता” म्हटलं, तेव्हा त्यांनी डबीतून खडीसाखर काढून सगळ्यांना वाटली. अख्ख्या आयुष्यात दहावर दहा मारलेल्या बाईनं सातासाठी तोंड गोड केलेलं मी तरी दुसरीकडं बघितलं नाही. शेट्यांनी विचारलं की आमच्या सातांना कधी साखर का नाही. “तुमचे सात तुम्हाला भोक बघून कळतात,” बाई म्हणाल्या.

डॉक्टर या काळात बाईंच्या शेजारच्या लेनमध्ये झोपून आपलं पोट सरकवत असायचे आणि त्यांच्या डाव्या कोपराखाली आपल्या परदेशी जाकिटाची घडी घालून ठेवायचे. ते जाकीट एवढ्याच कामाचं निघालं.

संक्रांतीच्या आधीचा रविवार. लेन तीन. थंडी होती, चिंध्या सरळ लोंबत होत्या. कारण सांगायला वारासुद्धा नव्हता. बाईंनी दोन मारल्या. बोलल्या, अंकुशराव बोलले, जुळलं. तिसरी, चौथी. अंकुशराव तोंड फिरवून म्हणाले, “चारी जवळजवळ हायत, बाई. पर बांगडीचं मला हितनं कळत न्हाय.” बाई म्हणाल्या, ते बांगडीला कळेल.

पाचवीला बाईंनी बराच वेळ घेतला. दोनदा गाल उचलला, परत टेकवला. मग गोळी सुटली.

“आत,” बाई म्हणाल्या. थोडं थांबल्या. “काठावर. पण आत.”

अंकुशराव दुर्बिणीकडे वाकणार तेवढ्यात शेट्यांनी लाल झेंडा वर केला. डावीकडच्या बांधावरून धनगराची मेंढरं उतरत होती. मेंढरांना आमच्या रेंजविषयी कधीच आदर नव्हता. पण झेंडा वर गेला की बाईंचा नियम: बोल्ट उघडायचे, सगळ्यांनी मागं यायचं, बंदुकीला हात नाही, दुर्बिणीलाही हात नाही. कुणी एक कारण सांगून दुर्बिणीशी गेला की दुसरा बंदुकीशी जातो. मेंढरं निवांत होती. एकेक झुडूप चाखत, कागदांच्या समोरून धूळ उडवत चालली होती. धनगराला आम्ही हाका मारल्या. त्यानं हात हलवून आमचं क्षेमकुशल विचारलं.

बाईंनी घड्याळ बघितलं. एसटीची वेळ झाली होती. डॉक्टर म्हणाले गाडीनं सोडतो. बाई म्हणाल्या, कंडक्टर जागा धरून बसतो, त्याचा विश्वासघात करायचा नाही. गोधडी काखेत घेतली.

“तीन नंबरच्या कागदाला कुणी हात लावू नका,” त्या म्हणाल्या. “पुढच्या रविवारी मी बांगडी लावून बघते. अंकुशराव, तुम्ही सुद्धा डोकवायचं नाही. बोलून झालंय माझं.”

आणि त्या खाणीच्या वाटेनं रस्त्याकडे चढत गेल्या. मेंढरांतलं एक कोकरू चुकून त्यांच्या मागं लागलं. त्यांनी वळून त्याला काहीतरी सुनावलं. काय, ते ऐकू आलं नाही. कोकरू थांबलं. एसटी आली, त्यांना घेऊन गेली. खिडकीतून गोधडीचा एक कोपरा बाहेर राहिलेला दिसला.

भोगीच्या दिवशी सकाळी भाकरी थापताना बाई गेल्या. हृदयविकार. सगळी तयारी डोळ्याची केलेली, आणि नेम लागला भलतीकडेच. हे वाक्य माझं असलं तरी बाईंनी मला त्याबद्दल दोन शब्द सुनावले असते, आणि मग ते स्वतःचं म्हणून इतरांना ऐकवलं असतं.

पुढच्या रविवारी क्लब बंद होता. त्याच्या पुढच्या रविवारी सव्वीस जानेवारी, झेंडावंदन. आज कुठलंच निमित्त नाही. बाईंच्या सुनेनं चष्म्याची डबी आणून दिली आहे. कापसात बांगडी आहे. तीन नंबरचा कागद पत्र्याच्या छपराखाली तसाच आहे, त्यामुळं पाऊस-दवाचीही सबब नाही. दुर्बीण त्या लेनकडे कुणी वळवलेली नाही.

सकाळी साडेआठला मी म्हटलं, चला, एक जण जाऊन काढून आणा. डॉक्टर म्हणाले की हे काम सचिवाचं. शेटे म्हणाले की त्यांच्या गुडघ्यात कळ आहे. मी म्हटलं की माझ्याकडे यादी आहे, यादी कुणीतरी धरून उभं राहायला पाहिजे. उजेड जरा तिरपा आहे, असंही कुणीतरी म्हणालं. बाई असत्या तर एव्हाना गोधडी गुंडाळून निघून गेल्या असत्या.

शेवटी अंकुशरावांनी डबी घेतली आणि निघाले. पंचवीस मीटरपर्यंत गेले. तिथं जांभळी चिंधी उन्हानं विटून फाटली आहे. ती बघत उभे राहिले. मग परत आले आणि डबी माझ्या हातात ठेवली.

“बाईंनी ‘आत’ म्हटलंय,” ते म्हणाले.

“म्हणूनच बघायचं ना,” डॉक्टर म्हणाले.

“बघितलं की खरं सांगावं लागंल, डॉक्टर.” या वेळी अंकुशरावांनी तोंड फिरवलं नव्हतं. “आन् आईकायला बाई न्हाईत.”

साडेदहाला सराव बंद केला. बोल्ट उघडे, बंदुका कपाटात, कुलूप दोनदा ओढून बघितलं. उरलेली कामं: फाटलेली चिंधी बदलणे, ब्लाउजपीस शेटे आणतील, त्यांच्या घरी पेटीभर आहेत. पाण्याचा कॅन भरणे. दोन नंबरच्या चौकटीचा खिळा.

आणि तीन नंबरचा कागद. बांगडी लावून बघणे, मोठ्यानं सांगणे. जबाबदारी: सर्व. बाकी.